आत दिवा नेऊ नये

मिताली सबनीस शिडीवर उभी राहून दाराच्या माथ्यावरचा रंग खरवडत होती, तेवढ्यात खालून कुणीतरी सणसणीत शिंकलं.

तिने दचकून खाली पाहिलं. निळ्या चौकड्यांच्या शर्टातला एक तरुण एका हातात काठी धरून दुसऱ्या हाताने केस झटकत होता. डोक्यावर, खांद्यावर, भुवयांवरसुद्धा पिस्ता रंगाचे पापुद्रे!

"अय्या, सॉरी हं! खाली कुणी असेल असं वाटलंच नाही..."

"असू दे. फक्त एवढं सांगा, मी कुठल्या सालात न्हाऊन निघालो?"

मितालीला हसू आवरेना. "पिस्ता ना? तो आणीबाणीच्या आसपासचा. त्याच्यावर निळा, आणि सगळ्यात वर हा हल्लीचा क्रीम."

"म्हणजे आणीबाणी माझ्या डोक्यावर कोसळली!" तो म्हणाला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक खोल खळी पडत होती. "मी हितेश नाखवा. फिजिक्स शिकवतो. याच मजल्यावर, पलीकडच्या टोकाला."

"मी मिताली. आर्किटेक्ट. ही बिल्डिंग..."

"माहितीये. सगळं कॉलेज तुम्हालाच बघत असतं," तो म्हणाला, आणि मग गडबडून, "म्हणजे... काम बघत असतं. काम."

पनवेलच्या त्या कॉलेजची जुनी सायन्स बिल्डिंग स्वातंत्र्याच्या आधीची. काळा दगड, सागवानी जिना, उंच कमानी. मधल्या काळात कुणी तिच्यावर पत्रे ठोकले, कुणी कमानी विटांनी बुजवल्या, कुणी रंगावर रंग चढवले. ती पाडावी असंच बऱ्याच जणांचं मत होतं. शेवटी संस्थेने दुरुस्तीचा निर्णय घेतला आणि काम मितालीकडे आलं. तिच्या एकटीच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. खांदा कॉलनीतल्या घरून ती सकाळीच यायची आणि अंगभर चुन्याची धूळ घेऊन संध्याकाळी परतायची.

"थांबा, थांबा!" हितेश एकदम म्हणाला. "तिथे काहीतरी लिहिलंय."

खरंच. रंगाच्या थराखालच्या दगडी पट्टीत अक्षरं कोरलेली होती. मितालीने ब्रश फिरवला. एक 'न' दिसला. मग 'ये'.

"नये," हितेशने वाचलं. "थुंकू नये असणार. पैज लावा."

"इतक्या सुरेख वळणात? दगडात कोरून?"

"शिस्तीचे लोक असतील हो त्या वेळचे."

त्याचा तास होता. तरी तो शिडी धरून उभा राहिला. मिताली मागे मागे सरकत अक्षरं मोकळी करत गेली. 'नेऊ' निघालं, 'दिवा' निघालं, आणि शेवटी, म्हणजे खरं तर सुरुवातीला, 'आत'.

*आत दिवा नेऊ नये.*

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्या दाराकडे. मितालीने कडी काढून दार ढकललं. आत मोडक्या बाकांचा ढीग होता आणि दाट, जुना अंधार. चारही भिंती कोऱ्या. खिडकी नाही, झरोका नाही.

"खिडकी नाही, आणि दिवाही न्यायचा नाही," मिताली पुटपुटली. "मग आत करायचं तरी काय?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. हितेश छताकडे बघत होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"आता इथे काय होणार आहे?" त्याने विषय बदलला.

"लिफ्ट."

 काठीच्या टोकाने त्याने फरशीवर दोनदा टकटक केलं. बऱ्याच वर्षांपूर्वी पळस्पे फाट्याजवळ त्याची बाइक घसरली होती, आणि उजवा पाय गुडघ्यापासून पुन्हा पहिल्यासारखा झालाच नव्हता. हे तिला नंतर कळलं. त्या वेळी फक्त काठी दिसली, आणि ती घाईघाईने म्हणाली, "लिफ्ट तर लागतेच ना, सर. तुमच्यासारख्या... म्हणजे सगळ्यांसाठीच. नियमच आहे."

"मॅडम, रोज जिना चढताना मी त्या लिफ्टला शिव्या घालतो, अजून आली का नाही म्हणून. मला ती हवीच आहे." त्याने दारावरच्या अक्षरांकडे पाहिलं. "पण ही खोली काय आहे हे कळायच्या आधीच पाडायची? तुमच्या मनाला पटतं का?"

मितालीला राग आला. आराखडा मंजूर झाला होता, दिवाळीनंतर तोडकाम सुरू व्हायचं होतं. हा कोण सांगणार? तिने खोलीचं दार ओढून कडी घातली. पण त्या रात्री जेवताना तिचं चित्त ताटात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून फिजिक्सच्या लॅबमध्ये गेली. "दिवाळीपर्यंत वेळ आहे. शोधायचं?"

ती खळी पुन्हा पडली.

शोध त्यांना जुन्या पनवेलमधल्या शशिकला बाईंकडे घेऊन गेला. बाई याच कॉलेजात शिकल्या आणि पुढे तिथेच केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या. आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या. दारावरची अक्षरं ऐकताच त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अंधारखोली! अगं, अजून आहे ती?" त्यांचा आवाज सोळा वर्षांच्या मुलीसारखा झाला. "ओक सरांनी खास बांधून घेतली होती. नवीन वर्गाला पहिल्याच दिवशी तिथे नेऊन बसवायचे. दार लावायचे आणि म्हणायचे, 'गप्प बसा आणि बघा.' भिंतीला एक भोक होतं बारीकसं. त्यातून सगळं जग आत यायचं गं... सगळं जग!"

"मग ते भोक गेलं कुठे?"

"एकाहत्तरचं युद्ध. ब्लॅकआऊट. हुकूम आला, सायन्स बिल्डिंगच्या सगळ्या फटी बुजवा, उजेड बाहेर जाता कामा नये. आता बघ, ज्या खोलीत जन्मात दिवा लागला नाही, तिचंच भोक बुजवलं! ओक सर तोवर गेले होते. पुन्हा उघडायचं कुणाला सुचणार?" बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

खोली रिकामी करायला दोन दिवस लागले. मग मिताली पूर्वेकडच्या भिंतीवर बोटांनी टकटक करत, कान लावून ऐकत सरकू लागली. हितेश टॉर्च धरून मागे.

"डॉक्टरीण शोभता."

"श्श!"

डोक्याच्या जरा वर एका जागी आवाज पोकळ आला. चुन्याच्या गिलाव्यात तिथे सिमेंटचा गोल ठिपका होता. मितालीने बारीक छिन्नी घेतली आणि दातांच्या डॉक्टरने दात कोरावा तशी ती हलक्या हाताने कोरत राहिली. सिमेंटचा शेवटचा खडा बाहेर पडला, आणि उजेडाची एक सरळ काठी खोलीत शिरली. तिच्यात धूळ नाचत होती.

"दार लावा," हितेश कुजबुजला. "टॉर्च बंद."

आधी काहीच दिसेना. मग समोरच्या भिंतीच्या खालच्या अंगाला निळसर ओल आल्यासारखं झालं. ती पसरत गेली. वरच्या अंगाला काहीतरी हिरवं, मातकट उमटलं. धूसर, थरथरतं... आणि त्यातून एक लाल ठिपका सरकत गेला.

"ते काय होतं?" मितालीने विचारलं.

"माणूस," हितेश म्हणाला. "लाल शर्टातला. अंगणातून चाललाय. उलटा."

 ज्या खोलीच्या जागी मितालीने कागदावर एक चौकोन काढून त्यात फुली मारली होती, ती खोली गेली पन्नास वर्षं डोळे मिटून बसली होती. आणि तो डोळा आता उघडला होता.

"अजून धूसर आहे," बाहेर आल्यावर हितेश म्हणाला. "भोकात भिंग असणार त्या काळी. खोलीच्या लांबीला जुळेल असं भिंग हवं."

संध्याकाळी ते बाजारातल्या कुंदन चष्मेवाल्याकडे गेले. हितेशने पाव नंबरची काच मागितली.

"पाव नंबर?" कुंदन म्हणाला. "सर, एवढ्याशा नंबराला मी गिऱ्हाईक परत पाठवतो. चष्मा लागतच नाही."

"माणसाला नाही लागत. खोलीला लागलाय."

कुंदनने आधी हितेशकडे, मग मितालीकडे पाहिलं, आणि 'तुमचं चालू द्या' अशा अर्थाची मान हलवून काच घासायला घेतली. मिताली दुकानाच्या पायरीवर बसून हसत सुटली. हितेश तिच्या हसण्याकडे बघत राहिला, आणि तिच्या ते लक्षात आलं तेव्हा रस्त्यावरच्या रिक्षा मोजू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सूर्य इमारतीच्या माथ्यावरून जरासा पश्चिमेला कलल्यावर, त्यांनी काच बसवली आणि दार लावलं.

मिताली समोरच्या भिंतीकडे वळली.

भिंतीवर रंगीत जग उभं होतं. चित्रासारखं म्हणावं, तर चित्र हलत नाही. हे हलत होतं, जिवंत होतं. आकाश पायाशी पसरलं होतं आणि पांढरे ढग फरशीलगत रांगत होते. भिंतीच्या मध्यावरून प्रबळगड खाली लोंबत होता. त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका, दोघांमधली ती खाच, सुळक्यावरचं गवतसुद्धा दुपारच्या उन्हात सोनेरी दिसत होतं. वर, छताजवळ, कॉलेजचं अंगण. अंगणातलं बदामाचं झाड मुळांनी छताला धरून डोकं खाली सोडून डुलत होतं. पानन् पान वेगळं दिसत होतं. कसलाही आवाज नव्हता. नुसता उजेड, आणि त्या उजेडात चाललेलं हे सगळं...

शाळेत पिनहोल कॅमेऱ्याचं हे तत्त्व तिने पाठ केलं होतं. परीक्षेत आकृती काढून मार्कही मिळवले होते. पण ज्ञान अंगावर काटा होऊन उभं राहतं हे तिला आज कळलं.

तिने भिंतीवर हात ठेवला. तिच्या तळव्यावर फाटकाबाहेरचा रस्ता आला. हितेशने तिच्या शेजारी, मध्ये वीतभर अंतर ठेवून, आपला तळवा टेकवला. एक इवलीशी काळीपिवळी रिक्षा त्याच्या करंगळीवरून निघाली, तळहात ओलांडून मधल्या भिंतीवर उतरली, आणि तिच्या हातावर चढली.

"आली का?" त्याने हळूच विचारलं.

"आली," ती म्हणाली.

स्पर्श कसलाच झाला नव्हता. तरी मितालीचं काळीज लॅबमधल्या लंबकासारखं हलत राहिलं.

त्यानंतरचे दिवस तिने आराखड्यावर घालवले. लिफ्ट तिने इमारतीच्या पाठीमागे, बाहेर काढली. लोखंडी सांगाडा, दगडाला कुठेही न टेकणारा, वर एक छोटा पूल थेट व्हरांड्यात. संस्थेच्या बैठकीत ती सरळ म्हणाली, "माझा आधीचा आराखडा मी मागे घेते. पण हो किंवा नाही म्हणण्याआधी सगळ्यांनी एकदा वर चला."

अध्यक्ष कुरकुरत वर आले. अंधारात खुर्चीवर बसले. आणि थोड्या वेळाने एखाद्या पोरासारखे ओरडले, "अहो, तो माझा ड्रायव्हर! बघा, बघा, माझ्या गाडीच्या बॉनेटवर बसून भेळ खातोय!"

खोली वाचली.

ती खोली विद्यार्थ्यांना खुली झाली त्या दिवशी हितेशची आई मोरा बंदराहून आली. ठमाबाई. हिरवं नऊवारी लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हातात सुक्या कोलंबीच्या चटणीचा डबा. नवरा काळूराम होडी घेऊन दर्यावर, म्हणून ती एकटीच. अंधारात उलटा प्रबळगड पाहून तिने दोन्ही हात गालांना लावले.

"आगं बाय! देवानं दुनया पालथी केली की काय!" मग शेजारी उभ्या असलेल्या मितालीचा हात तिने चाचपडत धरला. "तूच काय गो ती मिताली? घरी दुसरं नाव नाय ऐकाया येत."

मिताली अंधारात लाजली. अंधार होता ते बरं झालं.

ठमाबाईचा आवाज खाली आला. "त्याचं लगीन ठरलेलं व्हतं. पाय गेला, आनि ती मानसं बी गेली. तवापासना कुनाला काय इचारत नाय तो. आमी बोलून दमलो. तुला सांगून ठेवते पोरी, तो इचारंल म्हनून वाट बगशील, तर म्हातारी व्हशील."

ठमाबाईचं म्हणणं खरं होतं. खोली वाचल्यापासून हितेश बदलला होता. पुन्हा 'मॅडम', पुन्हा 'आपलं काम फार छान झालं', पुन्हा मान खाली. मिताली जिन्यात भेटली की त्याला एकाएकी फोन यायचा. आणि तिचं तर काम संपत आलं होतं. सागवानी जिना चमकत होता, कमानी मोकळ्या झाल्या होत्या, पाठीमागची लिफ्टही चालू झाली होती. इमारत सोपवली, की पनवेलच्या या अंगणात येण्याचं तिला काही कारणच उरणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी ती एकटीच अंधारखोलीत गेली. गिलावा नीट वाळलाय का ते बघायचं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. दार लावलं. हिवाळ्यातलं ऊन स्वच्छ होतं, त्यामुळे भिंतीवरचं जग आज काचेसारखं लखलखत होतं.

आणि त्या जगात, बदामाच्या झाडाजवळ, हितेश उभा होता.

उलटा. अंगठ्याएवढा. निळ्या चौकड्यांचा शर्ट. त्याने काठी झाडाला टेकवून ठेवली. शर्ट खाली ओढला. केस सारखे केले. मग झाडाकडे तोंड करून तो बोलू लागला.

मिताली भिंतीजवळ सरकली. हितेश हातवारे करत बोलत होता... थांबला, मान हलवली. कपाळावर हात मारला. पुन्हा सुरुवात केली. या वेळी हात छातीवर. मग पुन्हा नापसंतीची मान. झाडाच्या बुंध्यापुढे तो जरासा वाकला, लगेच इकडेतिकडे पाहून ताठ झाला. एक मुलगी बाजूने गेली तेव्हा त्याने झाडाचं पान निरखण्याचं सोंग केलं.

मितालीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणीही. एवढं मोठं जग या भिंतीवर उतरलं होतं, डोंगर, ढग, रस्ते... आणि त्या सगळ्यात हा एक अंगठ्याएवढा माणूस तिच्यासाठी शब्द शोधत होता.

मग त्याने रुमालाने तोंड पुसलं. काठी उचलली. आणि झाडाकडे पाठ करून डावीकडे चालू लागला.

डावीकडे? मितालीचा जीव थाऱ्यावर राहिना. तिच्या डाव्या हाताला फाटक होतं! म्हणजे हा निघाला. न विचारता, न सांगता घरी निघाला! भिंतीच्या कडेशी जाऊन तो दिसेनासा झाला.

तिने दार उघडलं आणि धाव घेतली. व्हरांडा, मग जिना. ओढणी कठड्यात अडकली, ती हिसकून मिताली वळणावर आली आणि वर येणाऱ्या कुणावर तरी आदळली. काठी खडखडत खाली गेली. पडू नये म्हणून दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं.

"तुम्ही... तुम्ही तर फाटकाकडे गेलात!" ती धापा टाकत म्हणाली.

"मी? मी वर येत होतो. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता."

"डावीकडे गेलात! मी बघितलं भिंतीवर!"

हितेश तिच्याकडे बघत राहिला. मग आधी शिक्षक जागा झाला. "मॅडम, भोकातून शिरताना किरण एकमेकांना ओलांडतात. खालचं वर जातं, तसं या हाताचं त्या हाताला..." आणि मग माणूस जागा झाला. कान लालबुंद. "थांबा. तुम्ही आत होतात? सगळं पाहिलंत?"

"काठी झाडाला टेकवलीत तिथपासून."

"अरे देवा! आणि... ऐकलंत?"

"त्या खोलीत आवाज येत नाही, सर. झाडाला काय सांगत होतात?"

"झाडाला फार चांगलं सांगितलं होतं. आता एक शब्द आठवत नाहीये."  तिचे दंड त्याने अजून सोडले नव्हते. "मिताली... तू उद्यापासून येणार नाहीस, हे मला सहन होत नाही. मला तू रोज हवी आहेस. पण मी हळू चालतो. माझ्या घराला सुक्या मासळीचा वास येतो. तुझ्या घरचे..."

"माझ्या घरी मी कालच सांगितलं."

"काय?"

"बाबांना. आधी पेपरात डोकं घातलं, मग म्हणाले, त्या मुलाला विचारलंस का? मी म्हटलं, नाही, उद्या विचारते."

हितेशच्या गालावर ती खळी हळूहळू उमटत गेली. "मग... विचार ना."

तेवढ्यात घंटा झाली. वरच्या वर्गांची दारं धडाधड उघडली आणि पोरापोरींचा लोंढा जिन्यावरून कोसळत आला. दप्तरं, हाका, खिदळणं. कुणीतरी "सर, प्रॅक्टिकल आहे ना?" असं विचारतही गेलं. मिताली टाचा उंचावून त्याच्या कानाशी झुकली. त्या गलक्यात तिने काय विचारलं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

त्याचं 'हो' मात्र पार वरच्या मजल्यापर्यंत गेलं.